स्कॅनर चांगला, जागा चुकीची: शिडाच्या बोटीवरचं रडार पुन्हा पुन्हा आंधळं का होतं

बडोद्याला समुद्र नाही, तरी मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रडारचे पांढरे गोल डोम, म्हणजे आत फिरणारा अँटेना असलेले स्कॅनर, नेमाने येतात. ट्रान्सपोर्टचं लाकडी खोकं, आत थर्माकोल आणि वर चिठ्ठी: ‘स्कॅनर खराब. मागचं दिसत नाही.’ मी तो बेंचवर घेते, डमी लोडवर, म्हणजे किरण बाहेर न सोडता, चालवते. मोटर एकसारखी फिरते, मॅग्नेट्रॉनचा (किरण तयार करणाऱ्या नळीचा) करंट बरोबर, रिसीव्हर ठणठणीत. परत पाठवते. दोन महिन्यांनी तोच डोम, तीच चिठ्ठी.

मुंबईच्या एका बोटमालकांनी असा एकच स्कॅनर तीनदा पाठवला. तिसऱ्या वेळी मी खोकं न उघडता फोन केला. म्हटलं, “काका, डोम कुठे बसवलाय त्याचा फोटो पाठवा.” फोटो आला. डोलकाठीच्या पुढच्या अंगाला, स्प्रेडरच्या (डोलकाठीच्या आडव्या दांड्यांच्या) जरा खाली डोम, आणि त्याच्या पाठीला जेमतेम ४० सेंटिमीटरवर अ‍ॅल्युमिनियमची जाड डोलकाठी. मागचं कसं दिसणार? तेव्हापासून मी आधी फोटो मागवते, खोकं नंतर.

खाली लिहिलंय ते ८ ते १४ मीटरच्या शिडाच्या बोटींसाठी, ज्यांवर ४५ किंवा ६० सेंटिमीटरचा बंद डोम असतो.

तुमची तक्रार यातली कोणती?

१. पुढची जहाजं स्वच्छ दिसतात, मागची नाहीत. किंवा बोटीच्या एकाच बाजूला पाचरीसारखा तुकडा कायम रिकामा राहतो.

२. इंजिनवर जाताना सगळं ठीक. शिडं भरून बोट कलली की दोन्ही बाजूंची जहाजं गायब, सरळ झाली की परत.

३. जिथे काहीच नाही तिथे एखादा ठिपका, आणि तो नेहमी बोटीच्या त्याच दिशेला.

४. लांबचा टँकर दिसतो, पण शे-पन्नास मीटरवरची होडी किंवा जाळ्याचा बोया दिसत नाही.

५. ठिपका एका दिशेला आणि डोळ्यांना जहाज दुसऱ्या दिशेला, फरक दर वेळी सारखाच.

६. ट्रान्समिट (किरण सोडायचं बटण) दाबलं की ‘स्कॅनर सापडत नाही’ असा संदेश येतो, किंवा रडार आपोआप बंद होऊन परत सुरू होतं.

७. रडार चालू असताना जीपीएस अडखळतं किंवा व्हीएचएफ रेडिओवर खरखर येते.

यातली पहिली चार बहुतेक वेळा जागेची दुखणी असतात. पाचवं मेन्यूचं, सहावं वायरचं. स्कॅनरचा स्वतःचा दोष असेल तर लक्षण वेगळं असतं: सगळ्या दिशांना सारखंच फिकट दिसतं. हा फरक कळला की निम्मं काम झालं.

आधी मेन्यू, कारण त्याला पैसे पडत नाहीत

गेन (ठिपके किती ठळक), सी क्लटर (लाटांचा कचरा पुसणं), रेन क्लटर (पावसाचा कचरा पुसणं) आणि ट्यून (रिसीव्हर जुळवणं) हे सगळं ऑटोवर टाका. पावसातून आल्यावर कुणीतरी रेन क्लटर वाढवून ठेवलेलं असतं. सी क्लटर जास्त असेल तर लाटांबरोबर जवळच्या होड्याही पुसल्या जातात, म्हणजे चौथी तक्रार. आपल्याकडच्या मासेमारीच्या लाकडी आणि फायबरच्या होड्या मुळातच फिका ठिपका देतात, त्या आधी पुसल्या जातात.

मग ‘सेक्टर ब्लँकिंग’ बघा. बऱ्याच नव्या रडारमध्ये ठरावीक कोनात प्रक्षेपण बंद ठेवण्याची सोय असते, कॉकपिटमधल्या माणसांकडे किरण जाऊ नयेत म्हणून. बोट विकत घेताना आधीच्या मालकाने ते लावलं होतं का, हे कुणी विचारत नाही. पाचर अगदी सरळ कडांची, कापल्यासारखी असेल तर हेच कारण. डोलकाठीच्या सावलीच्या कडा अशा नसतात, त्या विरळ होत जातात.

पाचव्या तक्रारीसाठी एखाद्या बोयाकडे किंवा एकट्या जहाजाकडे नाळ (बोटीचं पुढचं टोक) अचूक रोखा. तो ठिपका हेडिंग लाइनवर (पडद्यावरच्या नाळेच्या दिशेच्या रेघेवर) नसेल तर मेन्यूतलं बेअरिंग अलाइनमेंट तेवढे अंश हलवा. बंदराचा सरळ धक्का पडद्यावर धनुष्यासारखा वाकलेला दिसत असेल तर अंतराचं टायमिंग चुकलंय, तेही तिथेच सुधारतं.

गोल चक्कर

ही तपासणी मी सगळ्यांना करायला लावते, कारण फक्त थोडं डिझेल लागतं आणि उत्तर पक्कं मिळतं. वारा पडलेल्या सकाळी, चॅनेलच्या बाहेर, एक-दोन मैलांवर नांगरून असलेलं एखादं मोठं जहाज निवडा. मुंबई बंदरात अशी जहाजं भरपूर. एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचच्या वाटेत मात्र हे करू नका, आणि एका माणसाचं लक्ष फक्त बाहेर असू द्या.

कागदावर एक वर्तुळ काढा, वर नाळ. पडदा हेड-अपवर, म्हणजे नाळ नेहमी वर. इंजिन हळू ठेवून बोट जागच्या जागी गोल फिरवा आणि दर १० ते १५ अंशांना ते जहाज कसं दिसतं ते वर्तुळावर लिहा: पूर्ण, फिकं, नाही. एक फेरी उजवीकडून, एक डावीकडून.

आता कागद बघा. एकाच दिशेला ‘नाही’ असेल तर मध्ये काहीतरी आडवं येतंय. सगळीकडे ‘फिकं’ असेल तर सेटिंग किंवा स्कॅनर. काकांच्या बोटीवर मी ही फेरी स्वतः केली, रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन. बरोबर मागे साधारण २० अंशांत टँकर नाहीसा व्हायचा. आणि काकांना आठवडाभर छळणारं एक ‘भुताचं जहाज’ त्याच २० अंशांत बसलेलं होतं.

भुताचं कारण असं. किरण डोलकाठीवर आपटतो, तिथून परावर्तित होऊन पुढच्या खऱ्या जहाजावर जातो आणि त्याच वाटेने परत येतो. रडारला वाटतं, आपण मागे बघत होतो, म्हणजे जहाज मागे आहे. ओळखायचं कसं? भुताचं अंतर एखाद्या खऱ्या जहाजाएवढंच भरतं, आणि बोट वळवली तरी ते सावलीच्या पाचरीतून बाहेर पडत नाही. खरं जहाज निघून गेलं की तेही जातं.

तो कागद फेकू नका. प्लास्टिकमध्ये घालून सुकाणूजवळ चिकटवा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतला ७ वा नियम सांगतो की रडार असेल तर त्याचा योग्य वापर केलाच पाहिजे, आणि ६ वा सांगतो की वेग ठरवताना त्याच्या मर्यादा धरा. मागचे २० अंश दिसत नाहीत ही तुमच्या रडारची मर्यादा आहे. बोटीवरच्या प्रत्येकाला ती ठाऊक हवी, रात्री पहाऱ्याला बसणाऱ्या पाहुण्यालाही.

कलण्याची परीक्षा

रडारचा किरण आडवा अरुंद असतो, ४५ सेंटिमीटरच्या डोमला सुमारे ५ अंश, ६० ला सुमारे ४. उभा मात्र जाड, साधारण २५ अंश: क्षितिजाच्या वर साडेबारा, खाली साडेबारा. जाड कडांची थाळी समजा. बोट २० अंश कलली की थाळीही २० अंश कलते. वाऱ्याखालच्या बाजूला सगळा किरण पाण्यात, वाऱ्याकडच्या बाजूला आभाळात. पुढे-मागे दिसत राहतं, म्हणून रडार चालू आहे असंच वाटतं. हे फार धोक्याचं आहे, कारण बाजूने येणारं जहाजच तेवढं दिसत नाही.

फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप लावा, शिडं भरा आणि किती अंशांना बाजूची जहाजं फिकी होतात ते लिहा. साडेबाराच्या आसपास सुरुवात झाली तर स्कॅनर अगदी ठीक आहे. फुकटचा उपाय: धुक्यात किंवा रात्री दर थोड्या वेळाने शीड ढिलं सोडून बोट दोन मिनिटं सरळ करा, पूर्ण फेरी बघा, मग परत भरा. कायमचा उपाय म्हणजे आपोआप समतल राहणारा झुलता माउंट. तो महाग आहे, पण लांब पल्ल्याला जाणाऱ्यांनी मोठ्या डोमपेक्षा आधी यावर पैसे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बोट स्थिर असताना डोमचा तळ आडवा आहे का, तेही बघून घ्या. डोलकाठी मागे झुकलेली असेल आणि ब्रॅकेट तिला काटकोनात असेल तर डोम कायम आभाळाकडे बघत बसतो. ब्रॅकेटखाली पाचर सरकवली की काम होतं.

वायर

सहाव्या तक्रारीत जागेचा हात असतो, कारण डोम जितका उंच तितकी वायर लांब. हिशेब करून दाखवते. डोमपर्यंत १५ मीटर, म्हणजे जाऊन येऊन ३० मीटर तांबं. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओम, एकूण ०.३६ ओम. रडारने ३ अँपिअर ओढले की १.१ व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरी १२.२ वर असेल तर वर ११.१ पोचले, त्यात एखादा हिरवा पडलेला जॉइंट असला की रडार बंद. वायर २.५ ची असती तर घट ०.६ व्होल्ट.

मोजायचं ते ट्रान्समिट चालू असताना. स्टँडबायला (रडार चालू, किरण बंद) करंट कमी असतो आणि मीटर सगळं छान दाखवतो, इथेच लोक फसतात. आधी ब्रेकरवर मोजा, मग डोलकाठीच्या पायथ्याच्या कनेक्टरवर. ब्रेकरवर १२.२ आणि कनेक्टरवर ११.६ असेल तर दोष त्या दोघांच्या मध्येच आहे, वर चढायची गरज नाही. पायथ्याचा तो कनेक्टर डेकवरच्या पाण्यात न्हात असतो. तो उघडा, पुसा आणि परत लावताना वायरीला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळातून गळेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

सातव्या तक्रारीला एकच तपासणी: जीपीएसचा किंवा व्हीएचएफचा अँटेना डोमच्या पातळीत, किरणाच्या वाटेत आहे का? असेल तर तो वर किंवा खाली हलवा. होकायंत्रापासून किती अंतर हवं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेही मोजा. मॅग्नेट्रॉनमध्ये जोरदार चुंबक असतो.

टेप, दोरी आणि पुठ्ठा

इथवर येऊन पाचर तशीच राहिली असेल तर प्रश्न जागेचाच आहे. पण लगेच ड्रिल काढू नका.

सूरसागरच्या काठावर विजेच्या खांबाला नाक लावून उभं राहिलात तर तळ्याच्या मधली शंकराची अख्खी मूर्ती त्या खांबाआड जाते. तोच खांब पलीकडच्या काठावर असला तर जेमतेम एक खिडकी झाकतो. डोलकाठीचं तसंच आहे. १४ सेंटिमीटर जाडीची डोलकाठी डोमच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर सुमारे २० अंश अडवते. तीच ५ मीटरवर असेल तर १.६ अंश, म्हणजे किरणाच्या स्वतःच्या जाडीपेक्षाही कमी. बोटीच्या मागच्या खांबावर डोम बसवायला लोक घाबरतात, “पुढे डोलकाठी येईल ना, ताई” म्हणतात. येते, पण पडद्यावर ती बहुधा कळतही नाही. टेप घेऊन आपल्या बोटीवरचं अंतर मोजा आणि हा हिशेब स्वतः करून बघा.

मग डोमच्या मापाची पुठ्ठ्याची तबकडी कापा, मनात असलेल्या जागी दोरीने बांधा आणि बोट घेऊन अर्धा दिवस हिंडा. टॅक घेताना, म्हणजे वाऱ्याची बाजू बदलताना, जिनोआ (पुढचं मोठं शीड) तबकडीला अडकतं का? मागे बांधली असेल तर शिडाचा बूम (खालचा आडवा दांडा) किंवा बॅकस्टे (डोलकाठीला मागे ताणणारी तार) लागतो का? बॅटरी भरणाऱ्या पवनचक्कीचं पातं समोर फिरतं का? पुठ्ठा फाटला तर काहीच गेलं नाही. महागडा डोम आणि नवं शीड फाटण्यापेक्षा हे बरं.

जागा निवडताना

सगळ्यांना उंची हवी असते, आणि इथेच मला सर्वांत जास्त वाद घालावा लागतो. रडारचं क्षितिज सागरी मैलांत काढायचं तर उंचीचं, मीटरमधलं, वर्गमूळ घेऊन २.२ ने गुणायचं. समोरच्या वस्तूच्या उंचीचंही तसंच काढून मिळवायचं. डोम ७ मीटरवर असेल तर १५ मीटर उंचीचं जहाज १४.३ मैलांवरून दिसू शकतं. डोम ३ मीटरवर आणला तर १२.३. चार मीटर खाली येऊन फक्त २ मैल गेले! मासेमारीची २ मीटर उंच होडी धरली तर आकडे ८.९ आणि ६.९, पण लाकडी होडीचा ठिपका त्याच्या कितीतरी आधी विरतो. शिडाची बोट ताशी पाच-सहा मैलांनी जाते, तिला निर्णय घ्यायचा असतो तो शेवटच्या चार-सहा मैलांत.

उंचीची किंमतही असते. ७ किलोचा डोम आणि ३ किलोचं ब्रॅकेट म्हणजे दहा किलोची तांदळाची गोण डोलकाठीच्या मध्यावर कायमची बांधून ठेवणं. ९ मीटरच्या बोटीला ते कलताना जाणवतं. शिवाय १० मीटरवरच्या डोमचा किरण बोट सरळ असतानाही ४५ मीटरपलीकडे पाण्याला टेकतो, ३ मीटरवरच्या डोमचा १३-१४ मीटरवर. जाळ्याचे बोये आणि विनादिव्याच्या होड्या या जवळच्या पट्ट्यातच असतात. लाटांचा कचराही उंच डोमला जास्त लांबपर्यंत दिसतो.

म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या छोट्या बोटीला मी मागचा खांब सांगते: डोम सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, वायर छोटी, दुरुस्तीला डेकवरच उभं राहता येतं. लहान डोमची सरासरी शक्ती दोन-चार वॅटच असते, तरी किरण कुणाच्या डोळ्यांच्या पातळीत नको. मॅन्युअलमधलं सुरक्षित अंतर पाळा. मागची दुसरी, छोटी डोलकाठी असेल तर तिच्यावर उत्तम, तिथे जिनोआची भानगडच नाही. बॅकस्टेवरचा झुलता माउंट चांगला, पण तो ताण बदलतो, त्याबद्दल खाली लिहिलंय. पुढच्या डोलकाठीवरच ठेवायचा असेल तर जिनोआसाठी डोमला गार्ड लावा आणि मागची पाचर मान्य करून सुकाणूजवळ लिहून ठेवा.

काकांनी डोम मागे ३ मीटरच्या खांबावर हलवला. गोल चक्कर पुन्हा केली, तो टँकर पूर्ण फेरीभर पडद्यावर राहिला, भूत गेलं.

इथे थांबा

डोमचं झाकण उघडू नका. मॅग्नेट्रॉनला काही हजार व्होल्ट लागतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. मॅग्नेट्रॉन नसलेल्या नव्या डोममध्ये ही भीती कमी, पण झाकणाचं सील एकदा हललं की खारी हवा आत शिरते.

डोलकाठीला नवं भोक पाडायचं असेल, बॅकस्टेवर वजन घालायचं असेल, किंवा खांब वेल्ड करायचा असेल तर रिगरला (डोलकाठी आणि तारांचं काम करणाऱ्याला) बोलवा. एका ओळीत पाडलेल्या भोकांनी डोलकाठी कमजोर होते. अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलचा स्क्रू थेट बसवला तर खाऱ्या पाण्यात त्याच्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये इन्सुलेशनचा लेप हवाच. एकट्याने वर चढू नका. कुणीही वर जाण्याआधी ब्रेकर बंद करा आणि फ्यूज काढून वर जाणाऱ्याच्या खिशात द्या. मी स्वतः वर जाते तेव्हा फ्यूज माझ्याच खिशात असतो. पावसाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढून डोलकाठी उतरवणार असाल तर हलवाहलवीची कामं तेव्हासाठी ठेवा, सगळं जमिनीवर होतं.

जवळपास वीज पडली असेल तर काहीही तपासत बसू नका, तंत्रज्ञाला बोलवा. आणि ट्रान्समिटवर व्होल्टेज बरोबर, मेन्यू बरोबर, तरी गोल चक्करच्या कागदावर सगळीकडे ‘फिकं’, असं असेल तर दोष खरोखर स्कॅनरमध्ये आहे. मग तो खुशाल पाठवा.

पाठवण्याआधी फोनवर चार गोष्टी हव्यात: डोम समोरून आणि बाजूने दिसेल असे दोन फोटो, गोल चक्करच्या कागदाचा एक, ट्रान्समिट चालू असतानाचं कनेक्टरवरचं व्होल्टेज, आणि मेन्यूत दिसणारे ट्रान्समिटचे एकूण तास. एवढं हातात आलं की बहुतेक वेळा मी फोनवरच सांगते, खोकं भरू नका, पुठ्ठा कापा.